संत्र्याच्या फोडीत आम्ल असतं, म्हणून?

नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर महिनाभर एकच फॉरवर्ड फिरतोय: 'आम्लाने पेशी सडतात. आंबट बंद करा, रोज खायच्या सोड्याचं पाणी प्या. कॅन्सर आम्लात जगतो, हे शोधलं म्हणून ऑटो वारबुर्गला नोबेल मिळालं. सिकलसेलही बरा होतो.' आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, गप्प बसवेना.

'आम्लाने पेशी सडतात.' नागपुरात बसून हे लिहिणाऱ्याने एकदा संत्र्याची फोड सोलावी. आत थेंबासारखे दाणे दिसतात. त्यांतल्या रसाळ पेशीचा बहुतेक भाग एकाच रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या पाणीदार पिशवीने, व्यापलेला असतो आणि तिच्यात सायट्रिक आम्ल भरलेलं असतं. तिच्याभोवतीच्या पेशीद्रव्याचा सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) मात्र सातच्या आसपास. मध्ये फक्त एक पटल, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाएवढं. तरी पेशी सडत नाही.

आपल्या पेशीत अशीच आम्ल सांभाळणारी पिशवी म्हणजे लयकारिका (लायसोसोम). क्रिस्तियान द दूव्ह यांनी 1955 मध्ये तिला नाव दिलं. तिच्या आतला सामू साडेचार ते पाच, आणि तो तसा राहावा म्हणून पेशी ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लपणा आणणारे कण, आत ढकलत राहते. जुने, मोडके भाग पचवणारी विकरं (एन्झाइम) त्या आम्लातच नीट चालतात. चुकून थोडी बाहेर सांडली, तर 7.2 सामूच्या पेशीद्रव्यात ती मंदावतात. म्हणजे आम्ल हेच कुलूप!

तंतुकणिकेचंही (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं ऊर्जाघर) तसंच. तिच्या आतल्या पटलाच्या एका बाजूला हायड्रोजन आयन साठतात आणि परत येताना एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू, घडवून जातात. पीटर मिचेल यांनी हे 1961 मध्ये मांडलं, 1978 ला नोबेल मिळालं. आम्लाचा हा चढउतार नसता, तर फॉरवर्ड पाठवायला बोटही हललं नसतं.

आता वारबुर्ग. या जर्मन शास्त्रज्ञाचं 1931 चं नोबेल श्वसनाच्या विकरासाठी होतं. गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असतानाही लॅक्टिक आम्ल बनवतात, हे त्याने पाहिलं होतं खरं. पण ते आम्ल गाठ स्वतः तयार करते आणि बाहेर टाकते; आंबट खाल्ल्याने ते येत नाही.

सोड्याचं पाणी आधी जठरातल्या आम्लाशी भिडतं. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 मध्ये ठेवायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं आहेतच. सोड्यातलं सोडियम मात्र अंगात जातं. बीपीवाल्यांनी जपावं.

सर्वांत खुपलं ते सिकलसेलचं, लाल रक्तपेशींच्या या आनुवंशिक आजाराचं, कारण विदर्भात त्याचे रुग्ण पुष्कळ. तयार लाल पेशीत केंद्रकच नसतं. हिमोग्लोबिनच्या जनुकातली चूक अस्थिमज्जेतल्या पेशींच्या केंद्रकात बसलेली असते. त्यामुळे हिमोग्लोबिनमधल्या एका अमिनो आम्लाच्या (प्रथिनाच्या घटकाच्या) जागी दुसरं येतं, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. सोडा तिथली अक्षरं बदलत नाही.

काल एका काकूंनी विचारलं, "सर, मग पोट्ट्याची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी थांबवू का जी?" ती सिकलसेलवरची गोळी. म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही थांबवू नका. संत्री मात्र खाऊ द्या त्याला, आंबिया बहार आलाय.