टाइम वाचवायचाय ना भाऊ, मग शनिवार मोकळा ठेवा

भाऊ, तुम्ही अजून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत, सीडी ही फोल्डर बदलायची कमांड मारून एकेक फोल्डर टाइप करत जाता? म्हणजे धुळ्याहून जळगावला जायचं तर आधी पारोळ्याचं तिकीट काढायचं, उतरायचं, मग एरंडोलचं काढायचं, असलं काम झालं.

झॉक्साइड बसवा, फोल्डरात थेट उडी मारायचं टूल. रस्ट नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं आहे, हे चारचौघात सांगायचं विसरू नका, निम्मे पैसे तिथंच वसूल. झेड लिहायचं, पुढं फोल्डरच्या नावातली तीन-चार अक्षरं, की डायरेक्ट आत. झेडएसएच, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या कमांडी चालवणारा शेल, त्याच्या कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलीत तळाशी झॉक्साइड चालू करणारी इव्हॅलची एक ओळ टाकली की झालं, पण एका ओळीत झालं तर शनिवार कुठं घालवणार? म्हणून आधी सीडीच्याच जागी याला बसवायचं का यावर दोन तास घाला (तशी सोय आहे बरं), मग यादीतून निवडायला एफझेडएफ नावाचं आणखी एक टूल लागतं म्हणून ते टाका, मग त्याचे रंग, मग रंग नीट दिसत नाहीत म्हणून अख्खी थीम. बाहेर मे महिना, पारा ४४ वर, तसंही तुमचं बाहेर काय अडलंय. आतून आवाज येईल, "अहो, शेवभाजी थंड होऊ राहिली", तर म्हणा दोनच मिनिटं, टाइम वाचवायचं काम चालू आहे.

आता मारा झेड केळी. नो मॅच फाउंड! घाबरू नका, तुम्ही जिथं एकदाही गेले नाहीत ते त्याला कुठून माहीत असणार, आधी साध्या सीडीनं जाऊन हजेरी लावा. मग दर भेटीला एक मार्क, आणि सारख्या नावांत ज्याचे मार्क जास्त ते फोल्डर आधी उघडणार. शेवटची भेट तासाभरातली असेल तर मार्क चौपट, दिवसभरातली असेल तर दुप्पट, आठवड्यातली असेल तर निम्मे, त्याहून जुनी तर पाव. सासुरवाडीच्या बरोब्बर उलटं, तिथं जितकं कमी जाल तितका मान जास्त.

महिन्याभरानं मार्कांसकट यादी काढून बघा. एक नंबरला कॉन्फिग, दोन नंबरला थीम, आणि रावेरच्या केळीवाल्या शेठचं बिलिंग, ज्याचा ॲडव्हान्स कूलरमध्ये गेला, ते तळाला पाव मार्कावर. शेठचा फोन येईलच, "काय भो, झालं का सॉफ्टवेअर?" तर खोटं बोलू नका. सांगा, शेठ, फोल्डर आता एका सेकंदात उघडतं.