घुमट, बोकड आणि उत्क्रांतीतला 'उत्'

यंदा चवथीला आमच्या घरी आरतीपेक्षा वादच जास्त रंगला. निमित्त घुमटाचं. पावसाच्या दमट हवेनं कातडं सैल पडलं होतं, म्हणून काका ते गॅसच्या आचेवर धरून बसले होते. बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा आच. दर टिचकीला एकच पालुपद: "नाद तो न्हय रे."

गोव्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बांधलेलं, लहान तोंड उघडं. एका हातानं वाजवायचं आणि दुसऱ्या तळव्यानं त्या लहान तोंडाची उघडझाप करायची, की तो घुमारा निघतो. पूर्वी हे कातडं घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपड मारणं गुन्हा ठरला आणि हळूहळू बोकड आला. २०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य जाहीर झालं, तोवर बोकड चांगलाच रुळला होता.

इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणाला, "यालाच इव्होल्यूशन म्हणतात. वस्तू सुधारत जातात."

काका म्हणाले, "सुधारत? बिघडत म्हण!"

माझं मत असं की दोघंही एकाच जिन्यावर उभे आहेत. एकाला तो वर जाताना दिसतो, दुसऱ्याला खाली. यात थोडा दोष शब्दाचाही आहे. 'उत्' म्हणजे वर. उत्क्रांती म्हटलं की पायऱ्या चढणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतंच. (जुन्या संस्कृतात उत्क्रांती म्हणजे प्राण देहातून निघून जाणं. म्हणजे हा शब्दच केवढा बदलला बघा.) डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्द नाही. त्याच क्रियापदाचं एक रूप तेवढं पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द म्हणून येतं. त्याचा आवडता शब्दप्रयोग होता फेरफारांसह चालत आलेली वंशावळ. यात वर-खाली काही नाही.

उत्क्रांतीला लागतं काय? एकावरून दुसरं तयार व्हायला हवं, तयार होताना थोडा फरक पडायला हवा, आणि कुठलं टिकेल ते ठरवणारी एखादी चाळण हवी. बस्स. ही अट पेशींनाच लागू आहे असं कुठं आहे? कुंभार जुनं मडकं बघून नवं घडवतो, पोरगा बापाचा हात बघून ताल उचलतो. कायद्यानं चाळणीची भोकं बदलली, इतकंच.

आपल्या पावाचं घ्या. पूर्वी पीठ सुरीनं फुगायचं, म्हणजे माडाच्या ताडीनं. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, पहाटेआधी भट्टी पेटवणाऱ्या पोदेराला रोज हमखास मिळेल असं काहीतरी हवं होतं, आणि ईस्ट शिरलं. कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही. चव सुधारली असंही कुणी म्हणणार नाही. 'पोदेर' हा शब्दही पोर्तुगीज 'पादेइरो' गोव्याच्या जिभांवर घासून झालेला. भाषा आणि जीवजाती एकाच तऱ्हेनं घडतात, हे डार्विननंही १८७१ मध्ये लिहून ठेवलंय.

एक कबुली द्यायला हवी. माणूस मुद्दाम बदल करतो, जनुक करत नाही. बोकडाचं कातडं कुणीतरी विचार करूनच बांधलं असणार. पण बांधणं हातात असतं, रुळणं नसतं. अशा हौसेनं केलेल्या किती गोष्टी माळ्यावर पडून आहेत, आपल्याच घरात बघा.

आणि हो, 'ताऱ्यांची उत्क्रांती' म्हणतात ते मला पटत नाही. तारा म्हातारा होतो, पण स्वतःसारखी पिल्लं घालत नाही. सगळ्याच बदलाला उत्क्रांती म्हटलं तर कड्यावरून दगड घरंगळला तीही उत्क्रांतीच.

असो. कातडं एकदाचं ताणलं. शामेळाचा ढोल सुरू झाला, कासाळं म्हणजे झांजा आल्या, काकांनी घुमट मांडीवर घेतलं. शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या नातीनं आयुष्यात बोकडाशिवाय दुसरा नाद ऐकलेला नाही. ती म्हणाली, "आजोबा, काल शेजाऱ्यांकडे वाजलं ना, तसं नाही वाजत हो तुमचं."


काकांनी माझ्याकडे बघितलं आणि घुमट पुन्हा गॅसवर धरलं.