मुलांवरची तक्रार आणि सेवेवरची तक्रार

म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचा विषय महाराष्ट्रात निघाला की बोलणं लगेच मुलांवर येतं. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापण्याचा ठराव केला, तो याच विचारातून. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही मुख्यतः तिकडेच पाहतो: प्रांतांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा आणि मुलांकडून निर्वाह भत्ता मिळवायचा. हे सगळं हवंच आहे. पण मुलगा दरमहा पैसे भरतो, घरी सेविका पुरवणाऱ्या ब्यूरोची बाई १२ तासांच्या ड्यूटीवर येते, आणि तरीही आजींना कूस न बदलल्यामुळे पाठीला जखमा झाल्या, तर दाद कुठे मागायची? एका टोकाला पोलीस, दुसऱ्या टोकाला ग्राहक आयोग. मध्ये काहीच नाही.

इंग्लंडमध्ये ही मधली जागा भरलेली आहे. तिचा कणा एकच तत्त्व आहे: सेवा ज्याने लावून दिली, जबाबदारी त्याची. घरी येणारा केअरर (देखभाल करणारा माणूस) खासगी एजन्सीचा असला तरी ती एजन्सी काउन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, नेमलेली असेल, तर एजन्सीची चूक ही काउन्सिलची चूक धरली जाते. ‘ते कंत्राटदाराचं आहे, त्यांच्याशी बोला’ एवढं सांगून काउन्सिलला सुटता येत नाही. आपल्या घरांमधल्या वादात नेमका हाच धागा सापडत नाही.

तक्रारीची चौकट २००९ च्या नियमांनी ठरवली आहे. तक्रार तोंडीही चालते. घटना घडल्यापासून किंवा कळल्यापासून १२ महिन्यांच्या आत ती करायची. कामाच्या ३ दिवसांत पोच मिळाली पाहिजे, आणि चौकशी कशी होईल, किती वेळ लागेल यावर बोलणंही झालं पाहिजे. उत्तर ६ महिन्यांत आलं नाही, तर का आलं नाही हे लेखी कळवावं लागतं. काउन्सिलचं अंतिम उत्तर पटलं नाही तर स्थानिक प्रशासन व सोशल केअर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथे जायला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

कागदावर हे सुरेख दिसतं. प्रत्यक्षात घोटाळा पहिल्याच फोनवर होतो. घरचे म्हणतात, ‘जरा लक्ष द्या हो, काल कोणी आलंच नाही.’ पलीकडे त्याची नोंद ‘चिंता’ म्हणून होते, तक्रार म्हणून नाही. मग मुदतही सुरू होत नाही. म्हणून ‘ही औपचारिक तक्रार आहे’ हे शब्द उच्चारायचे, आणि त्याच दिवशी ईमेलही करायचा. त्यात तारखा, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ, झालेला परिणाम आणि आपल्याला काय हवं आहे, एवढंच असावं. ‘नेहमीच उशिरा येतात’ या वाक्याची चौकशी करता येत नाही. ‘मंगळवारी सकाळी ८ ची भेट १०.४० ला झाली, त्यामुळे इन्सुलिन आणि नाश्ता दोन्ही लांबले’ याची करता येते.

पुरावा बहुधा एजन्सीकडेच असतो: भेटींची इलेक्ट्रॉनिक नोंद, रोजची वही, केअर प्लॅन. माहिती संरक्षण कायद्याखाली या नोंदी विनामूल्य मागता येतात आणि साधारण महिन्याभरात त्या द्याव्या लागतात. बिल ३० मिनिटांचं आणि भेट १२ मिनिटांची, हा फरक तिथेच सापडतो. आई-वडील स्वतः निर्णय घेऊ शकत असतील तर त्यांची लेखी संमती जोडायची. मुलगा असणं पुरेसं नसतं. आपल्या माणसांची इथेच चिडचिड होते, पण म्हाताऱ्या माणसाच्या वतीने त्याच्या संमतीशिवाय कोणीही बोलू नये म्हणून ही अट आहे, आणि मला ती योग्य वाटते.

सपोर्टेड हाउसिंगमध्ये, म्हणजे जिथे घराबरोबर रोजचा आधारही मिळतो अशा ठिकाणी, गुंता वाढतो, कारण तिथे मालक दोन. घरमालक संस्था वेगळी, आधार देणारी संस्था वेगळी. खोलीतली मदतीची दोरी बिघडली असेल तर तो घरमालकाचा प्रश्न. ती ओढूनही कोणी आलं नाही तर सेवेचा. घरमालकाविरुद्धची तक्रार हाउसिंग ऑम्बुड्समनच्या संहितेने चालते: ५ कामाच्या दिवसांत पोच, त्यानंतर कामाच्या १० दिवसांत पहिल्या टप्प्याचं उत्तर, आणि दुसऱ्या टप्प्याला कामाचे २० दिवस. एकाच पत्रात दोन्ही कोंबलं की दोन्ही संस्था एकमेकींकडे बोट दाखवतात. दोन पत्रं लिहावीत, आणि प्रत्येकात दुसऱ्याचा उल्लेख करावा.

मार, उपासमार, पैशांची अफरातफर यांसाठी तक्रारीच्या उत्तराची वाट पाहायची नाही. केअर ॲक्ट २०१४ च्या कलम ४२ खाली काउन्सिलला सुरक्षेची चौकशी करावी लागते. ती वेगळी मागायची. केअर क्वालिटी कमिशन या देखभाल सेवांवर देखरेख करणाऱ्या संस्थेला जरूर कळवावं, पण ते एकेका कुटुंबाची तक्रार सोडवत नाही. तिथे पत्र पाठवून निवांत बसल्यामुळे कित्येकांचे महिने वाया जातात.

या व्यवस्थेचं मला अवास्तव कौतुक नाही. ऑम्बुड्समन प्रक्रियेतली चूक शोधतो. सोशल वर्करचा निर्णय आपल्याला पटला नाही एवढ्यावरून तो बदलत नाही. मनस्तापाची भरपाई थोडीच असते, आणि माणसं कमी असलेल्या एजन्सीला तक्रारीमुळे नवीन केअरर मिळत नाहीत. शिवाय ‘तक्रार केली तर आईलाच त्रास देतील’ ही भीती इंग्लंडमधल्या मराठी घरांतही तेवढीच आहे.

तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. २०१० पासून स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्यालाही खासगी एजन्सीविरुद्ध याच ऑम्बुड्समनकडे जाता येतं. महाराष्ट्रात लोकायुक्ताची संस्था १९७२ पासून आहे, पण तिची नजर सरकारी कारभारावर. ब्यूरो तिच्या कक्षेत येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात वृद्धाश्रमांची आणि घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान दर्जा यांची तरतूद होती. ते लोकसभेची मुदत संपताना, २०२४ मध्ये, बारगळलं. मुलांच्या कर्तव्यावर आपण जेवढे तावातावाने भांडतो, त्याच्या निम्म्यानेही या विधेयकावर भांडलो नाही. ब्यूरोची नोंदणी, पाठवलेल्या बाईच्या प्रशिक्षणाचा पुरावा, रोजची वही, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर देणारा, नाव माहीत असलेला एक अधिकारी: एवढ्याची मागणी राज्यातही करता येईल.