५ लाखांचं कार्ड आहे ना, मग सरकारी दवाखाना कशाला? (म्हणे)

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मुद्दे काय तर म्हणे सरकारी दवाखान्यांच्या जुनाट इमारतींवर टॅक्सचा पैसा ओतणं बंद करा, ५ लाखांच्या विम्याचं कार्ड सगळ्यांना आहेच, सरकारी हॉस्पिटलात आगी लागतात नि नांदेडसारखी एका दिवसात २४ माणसं मरतात, आणि हे सगळं खासगी कंपन्यांना चालवायला देऊन टाका. खाली जोडलेले हात. मी सोडूनही दिलं असतं, पण हा मेसेज गावी आत्यापर्यंत गेला आणि तिचा फोन आला, "गावचं आरोग्य केंद्र (पीएचसी) बंद होणारे का रे? मग बीपीच्या गोळ्या त्या कार्डावर मोठ्या हॉस्पिटलातून आणून देशील का?"

तर आधी कार्डाचंच बघू, कारण सगळ्यात घातक थाप तीच आहे. केंद्राचं आयुष्मान काय किंवा राज्याची महात्मा फुले योजना काय, कार्ड चालतं ते ॲडमिट झाल्यावर, तेही यादीतल्या उपचाराला, यादीतल्या हॉस्पिटलात. ओपीडी त्यात नाही. म्हणजे आत्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या नाहीत, पोराचा ताप-खोकला नाही. लसीकरण, टीबीच्या गोळ्या, पावसाळ्यात घरोघर फिरून ताप विचारणारी आशाताई, हे कुठलं कार्ड देणार? आणि साप रात्री शेतात चावतो, कार्ड खिशात असलं तरी विषावरचं इंजेक्शन टोचायला जवळ कुठेतरी चार भिंती, औषधाचा साठा आणि जागी असलेली सिस्टर लागते. खासगी हॉस्पिटलं निघतात तिथे जिथे पैसे देणारी गर्दी असते. गडचिरोलीतल्या एटापल्लीत किंवा नंदुरबारमधल्या धडगावला कोण काढणारे हो?

बरं, कार्ड खासगीत गेलं तरी पेशंट हाताबाहेर गेला की "सिव्हिलला न्या" हे ऐकलं नाही असं घर दाखवा. ऑक्टोबर २०२३ मधे नांदेडला २४ तासात २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. मेसेजवाल्याने हा आकडा बरोबर दिलाय. पण तिथल्या डीननी तेव्हाच सांगितलं होतं की ७०-८० किलोमीटरच्या टापूत एवढं मोठं हॉस्पिटल हेच, त्यामुळे लांबलांबून गंभीर पेशंट येतात, हे मात्र सोयीस्कर गाळलं. आपण त्यावर काय केलं, तर खासदारसाहेबांनी त्याच डीनना कॅमेऱ्यासमोर टॉयलेट धुवायला लावलं. झालं, सुधारणा संपली.

आगींचं म्हणाल तर भंडाऱ्यात जानेवारी २०२१ ला १० बाळं गेली, नगरच्या सिव्हिलला त्याच वर्षी नोव्हेंबरमधे निदान ११ जण गेले. पण नगरचा तो आयसीयू कोविडच्या काळात नवाच उभा केलेला होता, आणि त्याच वर्षी विरारला आणि भांडुपला जळाली ती हॉस्पिटलं खासगीच होती. आग काय सरकारी-खासगी बघून लागते का? पंखे-बल्बच्या हिशोबाने टाकलेल्या वायरिंगवर आपण एसी, वॉर्मर, व्हेंटिलेटर सगळं लादतो, आणि दुरुस्ती मात्र बांधकाम खात्याकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुखाने पत्रं लिहीत बसायचं. यावर उपाय तिथे पैसा घालणं हाच आहे की नाही?

आणि कुठला पैसा ओतला जातोय म्हणे? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा असं लिहिलंय. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांचा, अहवाल डिसेंबर २०२४ मधे नागपूर अधिवेशनात मांडला गेला, त्यात महाराष्ट्र ५ टक्क्यांच्याही आत होता. डॉक्टर २७ टक्के कमी, नर्स ३५ टक्के कमी. आधी उपाशी ठेवायचं, मग अशक्त आहे म्हणून काढून टाका म्हणायचं, असला प्रकार.

एक मान्य करतो, जिवावर येतंय तरी. पैसा खातात आणि वाया घालवतात हे खरं आहे. मशीन घेतात, चालवायला माणूस नसतो, ते खोक्यातच राहतं. औषधखरेदी २०१७ ला हाफकिन या सरकारी औषध कंपनीकडे दिली, तिथे इतका घोळ झाला की २०२३ ला कायदा करून वेगळं प्राधिकरण काढावं लागलं. "बाहेरून आणा"ची चिठ्ठी माझ्याही हातात पडलीय. पण टेंडरात चोरी होते म्हणून दवाखानाच नको हे कसलं लॉजिक, रस्त्याच्या टेंडरात काय साधू बसलेत? रस्ते बंद करा असं कुणी म्हणत नाही.

राहिलं कंपन्यांना द्यायचं. मरोळचं सेव्हन हिल्स आठवतंय का? जमीन मुंबई महापालिकेची, हॉस्पिटल खासगी कंपनीचं, २० टक्के खाटा महापालिकेच्या पेशंटना असा करार. पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली आणि प्रकरण कोर्टकचेरीत अडकलं. २०२० ला कोविड आला तेव्हा तिथल्या खाटा चालवल्या कुणी? काही खाटा रिलायन्स फाउंडेशनने चालवल्या, बाकी महापालिकेनेच. हे ज्याने मेसेज लिहिला त्याला पाठवा.