‘बंदूक विकली की दुकानदार सुटला’ या समजाबद्दल

अमेरिकेत नव्या पिस्तुलात किंवा रायफलीत दोष निघाल्याची तक्रार कुणी केली की त्याला हमखास एक ठरावीक उत्तर ऐकवले जाते, आणि ते आता इतके फिरले आहे की पुष्कळांना तो कायदाच वाटतो. त्या उत्तरात चार विधाने असतात. वॉरंटी उत्पादकाची असल्यामुळे विक्रीनंतर दुकानदाराचा संबंध उरत नाही. २००५ च्या कायद्याने बंदूक उद्योगाला खटल्यांपासून अभय दिले आहे. विकलेली बंदूक संघीय नियमांमुळे परत घेता किंवा बदलून देता येत नाही. आणि या वस्तूवर कोणत्याही सुरक्षा यंत्रणेची देखरेख नसल्याने कंपनी देईल ते घेऊन गप्प बसावे. यांपैकी तिसरे विधान सपशेल चुकीचे आहे आणि बाकीची तीन अर्धवट आहेत.

पहिल्या विधानात दोन वेगळ्या हमींची गल्लत झालेली आहे. डब्यातल्या कार्डावर छापलेली हमी उत्पादकाची असते आणि ती पाळण्याचे बंधन दुकानदारावर नसते, हे खरेच आहे. परंतु एकरूप व्यापार संहितेचा मालविक्रीविषयक भाग लुइझियाना वगळता सर्व राज्यांनी स्वीकारला आहे, आणि त्यातल्या कलम २-३१४ नुसार, त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणारा विक्रेता जेव्हा माल विकतो तेव्हा तो माल त्याच्या नेहमीच्या वापरास योग्य आहे अशी गर्भित हमी त्या विक्रीतच धरलेली असते. ही हमी ज्याने पैसे घेतले त्याची, म्हणजे दुकानदाराची असते. ज्या पिस्तुलातून गोळी सुटतच नाही ते पिस्तूल नेहमीच्या वापरास योग्य आहे असे कोणी म्हणणार नाही.

ही हमी नाकारण्याची मुभा मात्र संहितेनेच विक्रेत्याला दिली आहे. ‘आहे त्या स्थितीत’ अशा अर्थाचे स्पष्ट शब्द बिलावर असतील तर बहुतेक राज्यांत दुकानदार मोकळा होतो. मॅसॅच्युसेट्ससारख्या काही राज्यांत ग्राहकोपयोगी मालासाठी ही पळवाट बंद आहे. म्हणून वाद घालण्याआधी बिलाची मागची बाजू वाचावी, जी आपण कधीच वाचत नाही. याशिवाय कलम २-६०७ प्रमाणे दोष लक्षात आल्यावर वाजवी मुदतीत विक्रेत्याला कळवावे लागते, नाहीतर हक्क बुडतो. दोषाकडे सहा महिने काणाडोळा करून मग भांडायला जाणाऱ्याची बाजू इथेच लंगडी पडते.

माझ्या स्वतःच्या एका नव्या पिस्तुलात दर मॅगझिनमागे (काडतुसे भरायच्या पेटीमागे) एकदोन काडतुसे उडत नसत. चाप ओढला की नुसता ‘टक’ असा आवाज येई. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावे लागते, कारण काडतूस उशिरानेही पेटू शकते. बाहेर काढलेल्या काडतुसांच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या तळाच्या टोपीवर, फायरिंग पिनचा (ठोका देणाऱ्या सुईचा) ठसा इतका उथळ होता की नखाने चाचपला तरी जेमतेम लागे. दारूगोळ्यालाच दोष दिला जाईल हे ओळखून मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसे वापरून पाहिली, न उडालेली पाच बाजूला ठेवली आणि चौथ्या दिवशी ती घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने बिलावरच्या ‘सर्व विक्री अंतिम’ या ओळीवर बोट ठेवले. माझ्या मते ती ओळ मन बदललेल्या ग्राहकासाठी आहे. माल सदोष निघाल्यास हमी नाही, असे ती कुठेच म्हणत नाही. हे मी शांतपणे सांगितले आणि तक्रार तारखेसह लिहून दिली, तेव्हा त्यानेच कंपनीला फोन लावला व पिस्तूल आपल्यामार्फत पाठवले. स्प्रिंग बदलून ते परत आले. त्याने नवे पिस्तूल तिथल्या तिथे दिले नाही याबद्दल माझी तक्रार नाही, कारण दोष दूर करून देण्याची संधी विक्रेत्याला असावी हे तत्त्व संहितेतही आहे.

दुसरे विधान २००५ च्या कायद्याबद्दल आहे, आणि तो कायदा मुळातून वाचण्याची तसदी फार थोडे जण घेतात. तिसऱ्या व्यक्तीने केलेल्या गुन्ह्यासाठी उत्पादक व विक्रेते यांना जबाबदार धरणारे दावे रोखणे हा त्याचा हेतू आहे. खरेदीसंबंधीचा करारभंग किंवा हमीभंग यांचे दावे त्याने स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. रचनेतील किंवा निर्मितीतील दोषामुळे मृत्यू, इजा अथवा मालमत्तेचे नुकसान झाल्यास तोही दावा चालतो. फक्त गोळी सुटण्यामागे कुणाची गुन्हा ठरणारी ऐच्छिक कृती असेल तर ती कृतीच एकमेव कारण मानली जाते. हा अपवाद कागदी नाही. मॅगझिन काढल्यावर पिस्तूल रिकामे झाले असे समजून १३ वर्षांच्या मुलाने चाप ओढला आणि त्याचा मित्र दगावला, त्या प्रकरणात इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये उत्पादकाविरुद्धचा दावा याच आधारावर अमान्य केला. उथळ ठसा उमटवणाऱ्या पिस्तुलाच्या तक्रारीशी मात्र या सगळ्याचा काहीही संबंध नाही.

तिसऱ्या विधानाला फार वेळ देण्याचे कारण नाही. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यातच अशी तरतूद आहे की परवानाधारक व्यापारी किंवा उत्पादक दुरुस्त केलेली बंदूक, किंवा त्याच जातीची व प्रकारची बदली बंदूक, ज्याच्याकडून आली त्याला परत देऊ शकतो. त्यासाठी खरेदीच्या वेळचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म संघीय नियमांनुसार पुन्हा भरावा लागत नाही. सदोष पिस्तुलाच्या बदल्यात दुकानदाराने रायफल दिली तर तो नवा व्यवहार ठरतो आणि फॉर्म, पार्श्वभूमी तपासणी हे सगळे नव्याने होते. परत घेतलेली बंदूक वहीत नोंदवावी लागते आणि नंतर ती नवी म्हणून विकता येत नाही, म्हणून दुकानदार नाखूश असतो. त्याची अडचण समजण्यासारखी आहे, पण तिला कायद्याची बंदी म्हणणे बरोबर नाही.

चौथ्या विधानातली वस्तुस्थिती खरी आहे. १९७२ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा कायद्याने बंदुका ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवल्या, आणि तेही वळसा घेऊन: ज्या वस्तूंवर पिस्तूल व रिव्हॉल्व्हरसाठी १० टक्के आणि इतर बंदुका व काडतुसांसाठी ११ टक्के संघीय अबकारी कर लागतो, त्या वस्तू वगळल्या. त्यामुळे आयोग बंदूक परत मागवण्याचा आदेश देऊ शकत नाही. कंपन्या माल मागवतात तो स्वेच्छेने. रेमिंग्टनने एप्रिल २०१४ मध्ये मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन या रायफली मागवल्या, त्या जुळणीच्या वेळी ट्रिगरमध्ये चिकटद्रव्य जास्त झाल्याने आपोआप गोळी सुटण्याचा धोका होता म्हणून. परंतु आयोग नाही म्हणून हमीचा कायदा नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा बंदुकांनाही लागू आहे. लेखी हमी देणाऱ्या कंपनीला गर्भित हमी पूर्णपणे नाकारता येत नाही, आणि १५ डॉलरहून महाग मालाची लेखी हमी विक्रीपूर्वी ग्राहकाला वाचायला उपलब्ध ठेवणे हे दुकानदाराचेही काम आहे.

शिवाय कंपनी स्वतः किती काळ टिकेल हा प्रश्न राहतोच. त्याच रेमिंग्टनने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि दुसऱ्या वेळी तिचे ब्रँड सुटे सुटे विकले गेले. सदोष मालामुळे इजा झाल्यास निरपराध विक्रेत्याला संरक्षण देणारे कायदे अनेक राज्यांत आहेत; पण टेक्सससारख्या राज्यात उत्पादक दिवाळखोर असेल किंवा न्यायालयाच्या आवाक्याबाहेर असेल, तर ते संरक्षण उठते आणि दावा पुन्हा त्याच काउंटरवर येतो, जिथून बंदूक विकली गेली होती.