धातू वितळवण्याआधी टॅरिफ वाचा

परदेशातून धातूचा माल मागवताय? उत्तम. सगळ्यात आधी तुमच्या इंजिनीअरला आठवडाभर सुट्टीवर पाठवा. माल कशासाठी लागतो, किती ताण सोसेल, कुठे बसेल, एवढंच त्याला कळतं, आणि कस्टमपुढे हे ज्ञान अडचणीचं ठरतं. तिथे फूटपट्टी बोलते.

तांब्याचा बसबार, म्हणजे वीज वाहून नेणारी जाड पट्टी घ्या. ८० मिलिमीटर रुंद आणि १० जाड असला, तर तो बार, हेडिंग ७४०७ (हेडिंग म्हणजे टॅरिफमधला, कस्टमच्या करयादीतला, वस्तूचा चार आकडी क्रमांक). तोच १०० बाय १० मागवलात, की झाला पत्रा, हेडिंग ७४०९. जाडी रुंदीच्या एक दशांशाहून जास्त असेल तरच बार म्हणायचं. बरोबर एक दशांश भरली की बारपण गेलं. पॅनेलमध्ये दोन्ही शेजारीशेजारी बसतील, दोन्हींतून वीज वाहील आणि फिटर दोन्हींना बसबारच म्हणेल. पण बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमला द्यायचा आयातीचा अर्ज, फिटर भरत नाही. दोन्हींवरचा कर सारखा निघाला तरी हेडिंग चुकलं ते चुकलंच. तेव्हा सरळ १०० बाय ११ ची ऑर्डर द्या. जास्तीचं तांबं पॅनेलच्या नाही, कागदाच्या मजबुतीसाठी आहे असं समजा.

आता तांब्याचीच ८ मिलिमीटरची सळई. केबलच्या कारखान्यात तिला सगळे रॉड म्हणतात. पण ती वेटोळं करून येते, म्हणून टॅरिफमध्ये ती तार. सरळ करून, कापून आणलीत की पुन्हा सळई. हा नियम पाठ झाला म्हणून उत्साहाने लोखंडाला लावायला जाऊ नका. गरम रोल करून अस्ताव्यस्त गुंडाळलेलं लोखंड वेटोळ्यातही सळईच राहतं, ७२१३. तांबं गुंडाळलं की तार, लोखंड गुंडाळलं तरी सळई. ०.१८ मिलिमीटरचा पातळ पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर तो फॉइल, कारण त्याची मर्यादा ०.२, तेवढाच तांब्याचा असेल तर तो पत्रा, कारण तिथली मर्यादा ०.१५. असं का, हे विचारू नका. विचारणारा या धंद्यात नवा आहे हे लगेच ओळखू येतं.

या पद्धतीचं नाव हार्मोनाइज्ड सिस्टम. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही देणगी १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे जगभर सारखे, म्हणजे गोंधळही जगभर सारखा. पुढचे दोन आकडे आपले. देवळातली घंटा, सायकलची घंटी आणि गाईच्या गळ्यातली घंटा एकाच हेडिंगखाली, ८३०६ मध्ये, गुण्यागोविंदाने नांदतात. कोट्यवधींच्या यंत्रासाठी खास घडवलेला लोखंडी स्क्रू मात्र यंत्राच्या प्रकरणात जात नाही, ७३१८ मध्ये साध्या स्क्रूंच्या पंगतीत बसतो.

इथवर आलात म्हणजे तुम्हाला हा धंदा जमेल. आता थोरांकडून शिका. साधं पोलाद आणि मिश्रधातूचं पोलाद यांतला फरक टॅरिफने टक्क्यांत बांधून दिलाय. बोरॉन ०.०००८ टक्के असलं की पोलाद मिश्रधातूचं. म्हणजे एका टनात आठ ग्रॅम, मिसळणाच्या डब्यातली मोहरी याहून जास्त भरेल. चीनमध्ये साध्या गरम-रोल पोलादावर निर्यातदाराला कराचा परतावा मिळेनासा झाला, मिश्रधातूवर मिळत होता. मग कारखानदारांना बोरॉनचे औषधी गुण अचानक आठवले. जगभरच्या बंदरांत मिश्रधातूचं पोलाद उतरू लागलं. घेणाऱ्याला बोरॉन नको होतं आणि ते असल्याचं त्याला जाणवतही नव्हतं. १ जानेवारी २०१५ ला चीन सरकारने बोरॉनवरचा परतावा काढून घेतला. तोवर कारखान्यांना क्रोमियमची आवड लागली होती. त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. धातुशास्त्राची प्रगती अशी करखात्याच्या परिपत्रकांबरोबर होते, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

याहून कल्पक लोक अमेरिकेत होते. २०११ पासून चिनी ॲल्युमिनियम सेक्शनवर, म्हणजे साच्यातून काढलेल्या लांब पट्ट्यांवर, तिथे अँटी-डंपिंग (फार स्वस्तात माल ओतण्याविरुद्धचं) आणि सबसिडीविरोधी शुल्क मिळून ४०० टक्क्यांपर्यंत भार होता. तयार वस्तूंना मात्र तो नव्हता. कॅलिफोर्नियातल्या पर्फेक्टस ॲल्युमिनियम आणि तिच्या संलग्न कंपन्यांनी सेक्शन जागोजागी वेल्डिंगचे टाके घालून पॅलेटच्या, म्हणजे माल रचायच्या चौकटीच्या आकारात आणले. झाली तयार वस्तू! असे बावीस लाख पॅलेट आले आणि गोदामांत रचले गेले. विकला मात्र एकही गेला नाही, कारण गिऱ्हाईकच नव्हतं. २०२१ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी १८३ कोटी डॉलर भरण्याचा आदेश निघाला. यातून बोध इतकाच घ्या की पॅलेट आणलात तर त्यातले दोन-चार तरी खरेच विका.

आपणही मागे नाही. मिश्रधातूत २ टक्के प्लॅटिनम असलं की तो टॅरिफच्या दृष्टीने प्लॅटिनमचा मिश्रधातू, मग उरलेलं बहुतेक सोनं का असेना. संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात प्लॅटिनमला सवलत होती. पुढचं सांगायला हवं का? लोकांना प्लॅटिनमची एवढी ओढ लागली की २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारला त्यासाठी टॅरिफमध्ये वेगळ्या ओळी आखाव्या लागल्या.

तुमच्याकडे बोरॉन नाही, अमिरातीत मामा नाही. तुमच्यासाठी ७३२६ ९० ९९ आहे, 'अदर्स'. लोखंड-पोलादाची जी वस्तू कुठेच बसत नाही ती इथे. सीएचए, म्हणजे कस्टमचं काम करून देणारा दलाल, 'सर, अदर्समध्ये टाकू?' असं विचारतो तेव्हा त्याच्या आवाजात फार माया असते. त्या मायेला भुलू नका, आणि भुललात तर पार्टी म्हणून सही तुमचीच असेल. २०११ पासून भारतात करनिर्धारण आयातदाराने स्वतःच करायचं आहे. वर्गीकरण तुम्ही केलंत, त्यामुळे चूकही तुमचीच. साधी चूक असेल तर दोन वर्षांपर्यंत नोटीस येऊ शकते, मुद्दाम माहिती दडवली असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत. शो कॉजचं, म्हणजे त्या कारणे दाखवा नोटिशीचं उत्तर लिहायला चांगला वकील आताच बघून ठेवा, तोही महाग होत जातो.

शिवाय आता फेसलेस असेसमेंट, म्हणजे समोरासमोर न येता होणारी तपासणी आहे. माल न्हावाशेव्याला, अधिकारी चेन्नईत किंवा दिल्लीत. तुमची पट्टी त्याने हातात घेतलेली नसते, म्हणून तो कॅटलॉग मागतो, मिल टेस्ट सर्टिफिकेट (कारखान्याचा धातू-तपासणीचा दाखला) मागतो आणि 'एंड यूज' विचारतो. बार की पत्रा हे वापरावरून ठरत नाही हे त्यालाही माहीत असतं, पण प्रश्न आला की उत्तर द्यायचं. तेवढ्यात डिमरेज, म्हणजे माल अडकून पडल्याचं भाडं, चढत राहतं.

सावध माणसाने आधीच ॲडव्हान्स रूलिंग, म्हणजे हेडिंगबद्दलचा आगाऊ निर्णय घ्यावा. मुंबईत त्यासाठी प्राधिकरण आहे आणि कायद्याने निर्णय तीन महिन्यांत यायला हवा. तोवर जहाजाच्या कप्तानाला अरबी समुद्रात चकरा मारायला सांगा. आणि हेडिंगचं पाठांतर फार पक्कं करू नका, १ जानेवारी २०२८ ला पद्धतीची नवी आवृत्ती लागू होते आहे.