'पिक अप'पुढे एकच चिनी शब्द लिहून का भागत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : चिनी विद्यार्थ्यांना 'पिक अप' हे अनेक अर्थांचं इंग्रजी क्रियापद शिकवण्याच्या लेखात मी उगाच फाटे फोडलेत, प्रत्येक अर्थापुढे एकेक चिनी शब्द लिहून तक्ता पाठ करून घेतला की झालं, कारण पाठांतरात ही मुलं पक्की असतात, आणि तरीही जमलं नाही तर 'कलेक्ट', 'लर्न', 'इम्प्रूव्ह' हे एकशब्दी पर्याय आहेतच. शिवाय अर्थ कोणत्या क्रमाने शिकवायचे, हेही तुम्ही विचारलंत.

तक्त्यापासूनच सुरुवात करू, कारण खरी गोम तिथे आहे. समजा, 'सुधारणे' या अर्थापुढे 'हाओज्वान' लिहिलं. धंदा सुधारला, तब्येत सुधारली, इथवर ठीक चालतं. मग वाचनात वाक्य येतं : 'द विंड पिक्ट अप'. तक्ता पाठ असलेला मुलगा समजतो की वारा निवळला, हवा चांगली झाली. प्रत्यक्षात वाऱ्याने जोर धरलेला असतो. अर्थ थेट उलटा झाला, आणि दोष मुलाचा नाही. याच वाक्याला चिनीत 'फंग दा छीलाय ल' असं म्हणता येतं, म्हणजे वारा वाढू लागला. धंद्याबद्दलही 'हाओ छीलाय ल' म्हणतात. यातलं 'छीलाय' मुळात वर उठून येण्याचं. जमिनीवरून वस्तू उचलली की 'ज्येन छीलाय', आणि विशेषणाच्या मागे लागलं की ती स्थिती सुरू होऊन वाढत चाललीय असं सुचवतं. म्हणजे इंग्रजीतलं 'अप' इथे काय करतंय ते मुलांच्या भाषेतच तयार आहे. तक्त्यात नेमकं तेच झाकलं जातं.

मात्र 'छीलाय' ओढूनताणून सगळीकडे लावायचं नाही. सर्वांत फसवी जागा भाषा शिकण्याची. चिनीत 'बा यिंग्यू ज्येन छीलाय' म्हणजे सुटलेलं इंग्रजी पुन्हा हाती घेणं. 'शी पिक्ट अप सम इंग्लिश ॲट द मार्केट' याचा अर्थ मात्र बाजारात कानावर पडून पडून तिला थोडं इंग्रजी यायला लागलं. शब्दाला शब्द लावणारा विद्यार्थी इथे 'तिने पुन्हा सुरू केलं' असं वाचतो. दुसरीकडे 'श्वेह्वे', म्हणजे शिकून येऊ लागणे, एवढंच पाठ असेल तर तो लिहितो : 'आय विल पिक अप इंग्लिश वेल धिस इयर'. यात ठरवून केलेली मेहनत आहे, आणि 'पिक अप'ला तीच चालत नाही. वाक्यात वर्ग, परीक्षा, पाठ्यपुस्तक असेल तर 'लर्न' वापरायला सांगा. बाजार, नोकरी, शेजार, मालिका असेल तर 'पिक अप'. उचलली जाणारी गोष्टही बहुधा लहान असते : चार शब्द, एखादी लकब, एखादी सवय, मग ती वाईट का असेना.

माणूस आणायला जाण्याचा अर्थ तुम्ही सोपा म्हटलाय. अर्धा सोपा आहे. शाळेतून मूल आणायचं तर चिनीत 'ज्ये', पार्सल आणायचं तर 'छ्यू'. इंग्रजीत दोन्हींना 'पिक अप' चालतं, हे मुलं पटकन स्वीकारतात. अडचण अशी की 'ज्ये'चा पसारा मोठा आहे. फोन घेणं, चेंडू झेलणं, विमानतळावर पाहुण्याला घ्यायला जाणं, सगळं 'ज्ये'. मग मुलं झेललेल्या चेंडूलाही 'पिक अप' लावतात. तिथे 'कॅच' हवं. 'पिक अप द बॉल' म्हणजे खाली पडलेला चेंडू उचलणे. आणखी एक चूक म्हणजे 'अप' गाळून 'पिक मी ॲट सिक्स' म्हणणं. नुसतं 'पिक' म्हणजे निवडणं. आपणही 'मला स्टेशनवरून पिक कर' सर्रास म्हणतो, त्यामुळे मराठी शिक्षकाच्या कानाला ही चूक खटकत नाही. तिथे मुद्दाम कान द्यावा.

शब्दक्रमाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण तक्त्याचा तिथे काहीच उपयोग होत नाही. 'पिक अप इट' ही चूक वारंवार दिसते. फळ्यावर एकाखाली एक लिहा : 'पिक अप द बुक', 'पिक द बुक अप', 'पिक इट अप'. चौथं 'पिक अप इट' लिहून त्यावर काट मारा. मग चिनी वाक्य द्या : 'बा शू ज्येन छीलाय', म्हणजे पुस्तक उचल ('शू' म्हणजे पुस्तक). आधी माहीत असलेली वस्तू 'बा'मुळे क्रियापदाच्या अलीकडे येते. 'ज्येन छी ई बन शू लाय' असंही म्हणता येतं, तिथे तर पुस्तक 'छी' आणि 'लाय' यांच्या मधोमध बसलंय. एवढं पाहिलं की मध्ये घुसणारं 'इट' परकं वाटत नाही.

आता तोंडाने म्हणून घ्या. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, अक्षर क, ट, प यांवर संपत नाही, म्हणून 'पिक'चा क गळतो किंवा त्याला स्वर चिकटून 'पिका' होतं. 'पिक इट अप' हे 'पि-कि-टप' असं तोडलं की क आणि ट पुढच्या अक्षराच्या सुरुवातीला जातात, आणि तिथे ते मुलांना जमतात. राहतो शेवटचा प. ओठ मिटायचे आणि मिटलेलेच ठेवायचे. जोर 'अप'वर.

'कलेक्ट'ने भागवा, हे मला पटत नाही. पार्सलपुरतं ठीक, पण समोरचा 'पिक अप' म्हणणारच आहे, तो कळायला हवा. ल्याव आणि फुकुया यांच्या 2004च्या अभ्यासात मध्यम पातळीचे चिनी विद्यार्थी अशी जोडक्रियापदं टाळून एकशब्दी क्रियापदाकडे वळताना दिसले. टाळायची सवय त्यांना आधीच आहे, आपण तिला खतपाणी घालू नये.

क्रम विचारलात. आधी उचलणे, मग माणूस किंवा वस्तू आणायला जाणे, मग जाता जाता काहीतरी विकत घेणे. या शेवटच्याला चिनी 'शुनब्येन' छान जुळतं. त्यानंतर कानावरून शिकणे आणि जोर धरणे. बिल भरणे, सिग्नल पकडणे हे वाचनात येतील तेव्हा. प्रौढांना एक सूचना मात्र लवकर द्या : 'आय पिक्ट अप अ गर्ल ॲट द स्टेशन' म्हटलं की ऐकणारा 'पोरगी पटवली' असा भलताच अर्थ घेऊ शकतो, म्हणून 'माय नीस' (माझी भाची किंवा पुतणी) असं नातं सांगावं. 'पिक अप ऑन', म्हणजे बारीकसा इशारा हेरणे, सर्वांत शेवटी आणि वेगळ्या दिवशी घ्या. तिथे 'इट' मध्ये येत नाही, 'ऑन'च्या नंतर येतं, आणि नुकताच बसलेला क्रम त्याने बिघडतो.